लाकडी पेटी, बिडाचे काळीज

अमेरिकेत आज जुन्या चौकोनी पियानोला सहसा गिऱ्हाईक मिळत नाही. सहा-साडेसहा फूट लांबीचे, रोझवूडने मढवलेले, जाडजूड कोरीव पायांचे आणि हस्तिदंती पट्ट्यांचे हे वाद्य अनेकदा 'उचलून न्या, पैसे नकोत' अशा बोलीवर दिले जाते. कोणी आतला सांगाडा उपसून त्याचे लिहायचे टेबल करतो, कोणी पेयांच्या बाटल्या मांडायचे कपाट. पियानोच्या इतिहासातही त्याच्या वाट्याला चार ओळी येतात: मध्यमवर्गीय घरांसाठी निघालेला हा एक स्वस्त प्रकार होता, शंभर-सव्वाशे वर्षे चालला आणि उभ्या पियानोने त्याला बाजूला सारले. या चार ओळी खोट्या नाहीत, पण त्यांतून मुख्य गोष्ट निसटते. आज जगभरच्या रंगमंचांवर वाजणारा ग्रँड पियानो ज्या बिडाच्या सांगाड्यावर उभा आहे, तो सांगाडा एकसंध ओतायचे तंत्र अमेरिकन कारागिरांनी आधी या चौकोनी पेटीत बसवून पाहिले आणि मगच ग्रँडमध्ये नेले. म्हणून चौकोनी पियानोला पियानोच्या वाटचालीतली चुकलेली वाट म्हणणे मला मान्य नाही. आधुनिक पियानो घडला तो याच कारखान्यात, आणि त्याचा पुरावा या पेट्यांच्या पोटात आजही शाबूत आहे.

आधी हे वाद्य आहे तरी काय, ते पाहू. पियानो म्हणजे पट्ट्यांनी वाजवायचे संतूर, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. संतूरवादकाच्या हातात दोन कलमे असतात. पियानोत प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास ही युक्ती साधली. त्याच्या वाद्यात आणि आजच्या ग्रँडमध्ये तारा वाजवणाऱ्यापासून दूर, सरळ पुढे जातात, म्हणून त्या वाद्याची शेपटी लांबत जाते आणि त्याला ऐसपैस दिवाणखाना लागतो. चौकोनी पियानोत तारा आडव्या, डावीकडून उजवीकडे, काहीशा तिरक्या जातात. त्यामुळे सारे वाद्य एका आयताकृती पेटीत मावते आणि भिंतीला लावून ठेवता येते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या योहानेस झुंपे या जर्मन कारागिराने १७६६ च्या सुमारास अशी पेटी बाजारात आणली. ती जेमतेम चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पाच सप्तकांची होती. तिचे झाकण उचलून आत पाहिले की यंत्रणेचा साधेपणा नजरेत भरतो. पट्टीच्या मागच्या भागावर एक बारीक तार उभी असते आणि तारेच्या डोक्यावर चामड्याची गुंडी. पट्टी दाबली की गुंडी हातोडीला खालून ढुशी देते आणि चामडे चढवलेली ती चिमुकली हातोडी तारेवर आपटून खाली येते. स्प्रिंग नाही, दुसरा सांधा नाही. हे यंत्र कोणताही चांगला सुतार उघडून पाहू शकत होता, आणि पाहून करूही शकत होता.

म्हणूनच ते अमेरिकेत लवकर रुजले. फिलाडेल्फियात जॉन बेहरेंट याने १७७५ मध्ये आपण पियानो बनवल्याची जाहिरात दिली; अमेरिकेत बनलेल्या पियानोची ही पहिली ज्ञात नोंद मानली जाते. त्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि हा धंदा मागे पडला. युद्ध संपल्यावर त्याच शहरात चार्ल्स आल्ब्रेख्त नेटके चौकोनी पियानो करू लागला. न्यूयॉर्कमध्ये लंडनहून आलेल्या थॉमस डॉड्सने दुकान थाटले. बॉस्टनजवळच्या मिल्टन गावी बेंजामिन क्रीहोर हा मूळचा वाद्ये घडवणारा कारागीर पियानोकडे वळला. यांतले बरेचसे जर्मन किंवा ब्रिटिश स्थलांतरित होते, बाकीचे तिथल्याच लाकूडकामात मुरलेले. यांचे पियानो दिसायला लंडनच्या पियानोंची हुबेहूब नक्कल वाटतात. पण १७९० च्या दशकात डॉड्स आणि त्याचा भागीदार क्लॉस यांनी केलेल्या जाहिरातीत एक दावा आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज त्यातच आहे. आमचे लाकूड इथल्या हवेत टिकेल असे तयार केलेले असते, बाहेरून आलेली वाद्ये इथे टिकत नाहीत, असा त्याचा आशय होता. दुकानदाराची फुशारकी म्हणून तो सोडून देता आला असता. पण त्यामागची अडचण खरी होती.

ती अडचण मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याच दारात फट पडते. तंबोरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला तरी खुंट्या पिळाव्या लागतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा दमट असतो आणि हिवाळा कडाक्याचा कोरडा. त्यात घराघरांत लोखंडी शेगड्या पेटू लागल्या की खोलीतली उरलीसुरली ओलही आटून जाई. युरोपच्या हवेत मुरलेले लाकूड इथे येऊन तडकत असे. दुसरीकडे संगीताची मागणी वाढत चालली होती. पाच सप्तकांची साडेपाच झाली, मग सहा, आणि शतकाच्या मध्यापर्यंत सात. आवाज मोठा हवा म्हणून तारा जाड झाल्या, आणि जाड तार त्याच सुरात आणायची तर ती जास्त ताणावी लागते. शेकडो तारांचा हा एकवट ताण निव्वळ लाकडाच्या पेटीवर येऊ लागला. चौकोनी पेटीत तारा तिरक्या असल्यामुळे हा ताण पेटीला पिळतो आणि काही वर्षांनी तिचा एक कोपरा वर उचलला जातो. जुने चौकोनी पियानो पाहताना जाणकार आधी कोपऱ्यांकडे नजर टाकतात ती यामुळेच. पेटी पिळली की तारांचा ताण बदलतो, सूर उतरतो आणि पुन्हा लावला तरी ठरत नाही.

या अडचणीवर निर्णायक उत्तर शोधले ते क्रीहोरच्या हाताखाली धंदा शिकलेल्या अल्फियस बॅबकॉकने. १७ डिसेंबर १८२५ रोजी त्याला चौकोनी पियानोसाठी एकसंध ओतलेल्या बिडाच्या चौकटीचे पेटंट मिळाले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते ठिसूळ असते, घाव घातला तर फुटते, पण दाब सोसण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तारा पेटीची दोन टोके एकमेकांकडे ओढतात, म्हणजे त्या दोन टोकांमध्ये जे काही बसवाल त्यावर दाबच पडतो. बॅबकॉकने नेमके तिथे बीड बसवले. शिवाय हवा दमट झाली म्हणून लोखंड फुगत नाही. लाकडाने सुरात गुंजायचे आणि बिडाने भार उचलायचा, अशी कामाची वाटणी त्याने करून दिली. एवढे मोठे काम करूनही या माणसाला स्वतःची पेढी फारशी नीट चालवता आली नाही. तो बॉस्टनहून फिलाडेल्फियाला गेला, तिथून परत बॉस्टनला आला आणि १८४२ मध्ये वारला तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करत होता. फिलाडेल्फियाच्या मुक्कामात त्याने केलेला बिडाच्या चौकटीचा एक चौकोनी पियानो वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाने जपला आहे.

तो दुसऱ्याचा कारखाना म्हणजे जोनास चिकरिंगचा. चिकरिंगचा जन्म १७९८ चा, न्यू हॅम्पशर राज्यातला. शिक्षण फर्निचर करणाऱ्या सुताराकडे. विशीत तो बॉस्टनला आला आणि १८२३ मध्ये जेम्स स्टुअर्टच्या भागीदारीत त्याने स्वतःचे दुकान काढले. १८३० मध्ये जॉन मॅके हा जहाजांचा व्यापारी त्याला भागीदार म्हणून मिळाला. मॅकेची जहाजे पियानो घेऊन दक्षिण अमेरिकेला जात आणि येताना तिथले रोझवूड आणि महोगनी घेऊन येत. १८४१ मध्ये अशाच एका सफरीत मॅके समुद्रात नाहीसा झाला. चिकरिंगने बॅबकॉकची कल्पना पुढे नेली. १८४० मध्ये त्याने चौकोनी पियानोच्या एकसंध चौकटीचे पेटंट घेतले, आणि १८४३ मध्ये तीच कल्पना ग्रँड पियानोत बसवण्याचे. या दोन तारखांचा क्रम ध्यानात ठेवावा. दहा वर्षांत त्याच्या कारखान्यातून वर्षाला सुमारे तेराशे पियानो बाहेर पडू लागले. त्या वेळी साऱ्या अमेरिकेत मिळून वर्षाला नऊ हजारांच्या आसपास पियानो होत असत. डिसेंबर १८५२ मध्ये त्याचा कारखाना जळून खाक झाला. त्याने लगेच नव्या, अवाढव्य इमारतीचे काम सुरू केले, पण ती पुरी होण्याआधीच, १८५३ च्या डिसेंबरात, त्याचा मृत्यू झाला.

हाच क्रम दुसऱ्या एका, आज जगाला जास्त ठाऊक असलेल्या पेढीच्या बाबतीतही दिसतो. हाइनरिश श्टाइनवेग हा जर्मनीतल्या झेसेन गावचा पियानो कारागीर १८५० मध्ये कुटुंबासह न्यूयॉर्कला आला, आणि १८५३ मध्ये मुलांना घेऊन त्याने 'स्टाइनवे अँड सन्स' ही पेढी काढली. या पेढीने सुरुवातीला विकले ते चौकोनी पियानोच. १८५५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले, तेही चौकोनी पियानोसाठी. त्यात संपूर्ण बिडाची चौकट तर होतीच, शिवाय खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरक्या ओलांडून नेलेल्या होत्या. असे केल्याने खर्जाच्या तारांना जास्त लांबी मिळते, आणि त्यांची घोडी ध्वनिफलकाच्या कडेला न राहता मध्याकडे सरकते. तंबोऱ्याची घोडी तबलीच्या काठाशी बसवली तर आवाज कसा कोंडेल, याची कल्पना केली की या बदलाचे मोल कळते. हीच मांडणी ग्रँड पियानोत करण्याचे पेटंट धाकट्या हेन्री स्टाइनवेने डिसेंबर १८५९ मध्ये घेतले. आजचे बहुतेक सगळे ग्रँड पियानो याच मांडणीचे वंशज आहेत. चिकरिंगची चौकट आणि स्टाइनवेच्या ओलांडत्या तारा, दोन्ही आधी चौकोनी पेटीत उतरल्या आणि मग ग्रँडमध्ये गेल्या. आजच्या मोठ्या ग्रँडमध्ये तारांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात असतो. तो पेलण्याचे धडे या घरगुती वाद्यावर गिरवले गेले.

यावर पहिला आक्षेप युरोपच्या बाजूने येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. लोखंड पियानोत आणण्याची कल्पना अमेरिकेची नव्हे. लंडनमध्ये १८२० मध्येच ॲलन आणि थॉम यांनी धातूच्या नळ्यांच्या चौकटीचे पेटंट घेतले होते, आणि ब्रॉडवुडसारख्या मोठ्या पेढ्या लोखंडी दांडे आणि पट्ट्या वापरू लागल्या होत्या. हे सर्व मान्य केलेच पाहिजे. पण ते लोखंड तुकड्यातुकड्यांनी लाकडाला जोडलेले होते. मोडक्या खाटेला पट्ट्या मारून ती सावरावी तसे. भार मुख्यतः लाकडावरच राहत होता. साऱ्या ताणाखाली एकच ओतीव चौकट घालायची, हे धाडस बॅबकॉकचे. बीड घातल्याने आवाज पातळ आणि कर्कश होतो, ही तक्रारही त्या काळी झाली, आणि सुरुवातीच्या काही वाद्यांबाबत ती खरीही असेल. पण चौकटीला जाड तारांची आणि मोठ्या हातोड्यांची जोड मिळाली तेव्हा जो भरदार आवाज निघाला, त्याचा कौल युरोपनेच दिला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात चिकरिंग आणि स्टाइनवे या दोन्ही अमेरिकन पेढ्यांना सुवर्णपदके मिळाली, आणि त्यानंतर जर्मनीतल्या अनेक कारखान्यांनी अमेरिकन बांधणीचा धडा गिरवला.

दुसरा आक्षेप जास्त बारकाईचा आहे. चौकोनी पियानोवर हे प्रयोग आधी झाले, एवढ्यावरून त्याचे श्रेय सिद्ध होते का? बाजारात तेच वाद्य अधिक होते, म्हणून प्रयोगही त्यावर झाले. यात चौकोनी आकाराचे काय विशेष? या प्रश्नातला पहिला अर्धा भागच माझ्या म्हणण्याला बळ देतो. १८२९ मध्ये अमेरिकेत सुमारे अडीच हजार पियानो बनले. त्यांतले नऊशे फिलाडेल्फियात, आठशे न्यूयॉर्कमध्ये आणि सातशेहून थोडे जास्त बॉस्टनमध्ये. त्यांची एकूण किंमत साडेसात लाख डॉलर होती, म्हणजे एका वाद्यामागे सरासरी तीनशे डॉलर. यांतले बहुतांश चौकोनी होते. एवढी रक्कम मोजणाऱ्या कुटुंबाला वर्षा-दोन वर्षांत पिळवटणारी पेटी परवडत नव्हती, आणि तिला दर महिन्याला सूर लावायला गावात कारागीरही नव्हता. मैफिलीतल्या ग्रँडला कार्यक्रमागणिक सूर लावणारा मिळतो. दूरच्या गावातल्या घरातल्या वाद्याला आपल्या आपण टिकावे लागते. टिकाऊपणाची ही सक्ती चौकोनी पियानोवर होती. आणि आकाराचेही विशेष आहेच. तिरका ताण, आणि हातोड्यांना जागा द्यायची म्हणून आतून पोकळ ठेवावी लागणारी पेटी, यांमुळे हीच बांधणी सर्वांत आधी हार मानत होती. जिथे दुखणे जास्त, तिथेच औषधाचा शोध लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो खुद्द या वाद्याच्या दोषांवर बोट ठेवतो. पट्ट्यांपासून तारांपर्यंतचे अंतर प्रत्येक स्वराला वेगळे, म्हणून पट्ट्यांची आतली लांबी वेगवेगळी, आणि त्यामुळे बोटाखालचा स्पर्श एकसारखा राहत नाही. नंतरच्या मोठ्या चौकोनी पियानोंत खुंट्या मागच्या कडेला असतात, म्हणून सूर लावणाऱ्याला अख्ख्या वाद्यावर ओणवे व्हावे लागते. वजन इतके की हलवताना पाय काढून पेटी कुशीवर उभी करावी लागते. उभा पियानो सुधारला, स्वस्त झाला आणि कमी जागेत मावू लागला तेव्हा, १८८० च्या दशकात, चौकोनी पियानोचे दिवस भरले. त्या दशकाच्या अखेरीस स्टाइनवेनेही तो करणे बंद केले. पुढे १९०४ मध्ये अटलांटिक सिटीत जमलेल्या पियानो व्यावसायिकांनी जुन्या चौकोनी पियानोंचा ढीग रचून त्याची होळी केली. ज्यांनी तो घडवला त्यांनीच तो जाळला, यापुढे काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. दोष मी नाकारत नाही. पण ती होळी कानांनी दिलेला निकाल नव्हती. जुने वाद्य घेऊन नवे द्यायचे, अशा व्यवहारात दुकानांत चौकोनी पियानोंचे ढिगारे साचले होते, आणि ते घराघरांत टिकून राहिले तर नवे खपणार नाहीत, ही व्यापाऱ्यांची खरी चिंता होती. वाद्य निकामी असते तर ते आपोआप अडगळीत गेले असते. जाळावे लागले, कारण ते अजून टिकून होते.

या वाद्याची बाजू मांडताना त्याच्या किमतीचा दुसरा हिशेब झाकून ठेवणे योग्य नाही. त्या पांढऱ्या पट्ट्या पूर्व आफ्रिकेतल्या हत्तींच्या सुळ्यांच्या आहेत. कनेक्टिकट राज्यातल्या डीप रिव्हर आणि आयव्हरीटन या गावांतले कारखाने झांझिबारहून येणाऱ्या हस्तिदंतावर चालत, आणि ते सुळे अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणण्यासाठी कित्येकदा गुलाम माणसे जुंपली जात. या व्यापाराचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही जोडलेला आहे. झांझिबारच्या जकातीचा मक्ता कच्छी भाटिया व्यापारी जयराम शिवजी याच्या पेढीकडे होता. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे अमेरिकन व्यापारी तिच्याशीच व्यवहार करत, आणि मुंबई ही त्याच हस्तिदंताची मोठी पेठ होती. पेटीवर चढवलेले ब्राझीलचे रोझवूडही इतके तोडले गेले की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. एका देशाच्या दिवाणखान्यातल्या सुरांसाठी दुसऱ्या खंडांतले हत्ती, माणसे आणि अरण्ये यांनी किंमत मोजली. या कारणाने वाद्य फेकून द्यावे असे मला वाटत नाही. ज्याची इतकी किंमत मोजली गेली ते बेफिकिरीने फोडून टाकणे हा त्या किमतीचा दुसऱ्यांदा केलेला अपमान ठरेल.

मग या हजारो पेट्यांचे करायचे काय? प्रत्येक चौकोनी पियानो दुरुस्त करावा, हा आग्रह व्यवहारात टिकणार नाही. दुरुस्तीचा खर्च विक्रीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, आणि संग्रहालयांतही जागा मोजकीच. १८६० नंतर कारखान्यांतून ढिगाने निघालेल्या एकसारख्या मोठ्या पियानोंपैकी काहींचे टेबल झाले तर इतिहासाचे मोठे नुकसान होणार नाही. पण १८४० च्या आधीची छोटी, निव्वळ लाकडी किंवा पहिल्यावहिल्या बिडाच्या चौकटीची पेटी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या तारांची जाडी, हातोडीवरच्या चामड्याचे थर, चौकट कुठे वळते आणि कुठे थांबते, लाकूड कुठे पिळले आणि कारागिराने ते कसे सावरले, हे सारे कागदावर कुठेच लिहिलेले नाही. ते फक्त त्या पेटीत आहे, आणि तारा एकदा कापल्या की कायमचे जाते. दुरुस्ती करतानाही हाच धोका असतो: वाजता करायच्या घाईत मूळ चामडे आणि तारा टाकून दिल्या तर पेटी बोलती होते, पण पुरावा मुका होतो.

अमेरिकेत आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात, आणि जुन्या घरासोबत किंवा शेजाऱ्याकडून असे एखादे धूड पदरात पडण्याची शक्यता त्यांच्याही वाट्याला आहे. तसे झाले तर एवढेच करावे. झाकण उघडावे, पट्ट्यांच्या वरच्या फळीवरचे नाव आणि गाव वाचावे, आतला क्रमांक शोधावा, तारांखाली बीड आहे की नुसते लाकूड हे पाहावे, सगळ्याची छायाचित्रे काढावीत आणि वाद्यसंग्रह असलेल्या जवळच्या संग्रहालयाला ती पाठवून विचारावे. यात एक दुपार जाईल. तोवर करवत आणि पक्कड दूर ठेवावी.